रेघ ओढण्याआधी

श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. माझा एक जुना विद्यार्थी आला. विद्यार्थी म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेला, नातवंडं खेळवणारा गृहस्थ. हातात वर्तमानपत्राचं पान, चार घड्या घातलेलं. म्हणाला, "गुरुजी, एवढं वाचून सांगा."

वाचलं. जाहीर नोटीस होती. आमच्या शहापूर-मुरबाड भागातल्या एका बाजारगावाबाहेरून वळणरस्ता, म्हणजे आजच्या भाषेत बायपास, काढायचा आहे. त्यासाठी कोणकोणते गट लागणार, किती हेक्टर, किती आर, हे सगळं बारीक टायपात. त्याच्याही गटाचा नंबर त्यात होता. शेवटी लिहिलं होतं, हरकत असल्यास एकवीस दिवसांत कळवावी.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे गुरुजी, रस्ता कुठून न्यायचा हे विचारतायत, की कुठून नेणार हे सांगतायत?"

छत्तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला पटकन देता आलं नाही. त्या रात्री झोपही नीट लागली नाही. त्याला कारण आहे, ते पुढे सांगेनच. पण आधी थोडा इतिहास. मास्तर माणूस, सवय जात नाही.

आमचा हा मुलूख रस्त्यांचाच मुलूख आहे. सह्याद्रीवरून कोकणात उतरायच्या वाटा इथूनच येतात. मुरबाडहून माळशेजकडे निघालं की वैशाखरे गाव लागतं. तिथून वर नाणेघाट. सातवाहनांच्या काळात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, जुन्नरचा माल याच घाटाने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत होता. वरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असत असं सगळे सांगतात. शाळेच्या सहली घेऊन मी तिथे अनेकदा गेलो. मुलं रांजणात डोकावून नाणी शोधायची!

त्या घाटाची वाट कोणी आखली? मला वाटतं, आधी गुरांनी, मग गुराख्यांनी, मग बैलांच्या तांड्यांनी. राजाने नंतर येऊन तिथे फरसबंदी केली आणि जकात बसवली. पावलं आधी, सत्ता मागून. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. त्या फरसबंदीचे दगड कोणाच्या डोक्यावरून आले असतील, त्याचा मोबदला मिळाला असेल का, हे शिलालेखात नाही. शिलालेखात यज्ञ आणि दानं आहेत. पण निदान वाट कुठून जावी हे चालणाऱ्याला ठाऊक होतं.

उलटा क्रम सुरू झाला तो आगगाडीपासून. १८५३ साली गाडी ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला, १८५५ साली वाशिंदला, १८६० साली आसनगावला, १८६१ साली कसाऱ्याला. १८६५ साली थळघाट चढून ती इगतपुरीला गेली. रूळ शहापूर तालुक्यातून गेले, पण शहापूर गावात आले नाहीत. तीनेक किलोमीटरवर आसनगावला स्टेशन झालं. गंमतीने मी मुलांना सांगायचो, "आपल्या तालुक्यातला पहिला बायपास इंग्रजांनी काढला." त्या एका रेघेने आसनगावचं आणि शहापूरचं नशीब बदललं. शहापूरचा माणूस आजही गाडी पकडायला आसनगावला धावतो. मुरबाडला तर अजून आगगाडीच नाही.

कागदावर आधी रेघ, मग जमिनीवर माणूस, ही पद्धत तेव्हा पडली. १८९४ साली भूसंपादनाचा कायदा झाला. सरकारने "सार्वजनिक प्रयोजन" असे दोन शब्द उच्चारले की जमीन घेता येई. मोबदला कमी वाटला तर भांडता येई, पण "ही जमीन घेऊच नका" किंवा "इथून नको, तिथून घ्या" असं म्हणण्याची सोय मूळ कायद्यात नव्हती. ती सोय, ५-अ हे कलम, १९२३ साली आली. म्हणजे तब्बल एकोणतीस वर्षांनी. त्याच सुमाराला पुणे जिल्ह्यात मुळशीचे मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या मागे उभे होते. १९२१ साली सुरू झालेला तो सत्याग्रह हरला, गावं पाण्याखाली गेली. पाठ्यपुस्तकात तो एका परिच्छेदात संपतो. मला मात्र तो शिकवताना नेहमी वाटायचं की त्या लोकांचं मूळ म्हणणं इतकंच होतं, आम्हाला आधी विचारायला हवं होतं.

स्वातंत्र्य आलं, पण १८९४चा कायदा राहिला. तो २०१३ पर्यंत राहिला.

आता माझी गोष्ट.

ऐंशीच्या दशकात मी एका आडगावच्या शाळेवर होतो. गावाचं नाव सांगत नाही. बाजारपेठेतून जाणारा रस्ता अरुंद होता, ट्रक अडकायचे. म्हणून गावाबाहेरून वळणरस्ता काढायचं ठरलं. वरून सूचना आली की ग्रामसभेचा ठराव पाहिजे. माझं अक्षर बरं, म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं. मास्तरांचा तेव्हा मानही होता, आणि मानाच्या कामाला नाही म्हणवत नाही.

महिना माघ-फाल्गुनाचा होता. सभेला वीस-पंचवीस माणसं असतील. व्यापारी होते, जमीनदार घरातले दोघे-तिघे होते, बाकी पारावर रोज बसणारे. गावाला लागून कातकऱ्यांची वाडी होती. तिथलं एकही माणूस सभेला नव्हतं, कारण वाडीत माणूसच नव्हतं. दिवाळी झाली की ही कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडीकडे, कल्याणकडे, कुठे कुठे. पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं घेऊन. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. हे मला पूर्ण ठाऊक होतं. माझ्याच हजेरीपटावर त्यांच्या मुलांच्या नावांपुढे महिनोन् महिने गैरहजेरी पडत होती. तरीही मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "ठराव सर्वानुमते मंजूर." सूचक अमुक, अनुमोदक तमुक.

रस्ता झाला. चांगला झाला. पेठेतली कोंडी सुटली, एसटी वेळेवर येऊ लागली. पण भराव टाकताना मध्ये एक ओहोळ होता, त्याला मोरी ठेवली ती लहान आणि भलत्याच जागी. आठ महिने तो ओहोळ कोरडा असतो. ज्याने मार्च महिन्यात येऊन मोजमाप केलं त्याला तिथे खळगा दिसला असेल, ओहोळ नव्हे. पहिल्याच पावसाळ्यात भरावाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं. दोन-तीन भातखाचरांत लावणी कुजली. आणि वाडीतून शाळेत यायची पाऊलवाट नेमकी तिथेच होती. मुलांना लांबून वळसा घालून यावं लागे, तेही चिखलातून. मोठी मुलं येत राहिली. लहान सहा-सात होती, ती हळूहळू यायची बंद झाली. दोन वर्षांत त्यांची नावं पटावरून कमी करावी लागली. ती नावंही मीच कमी केली. त्याच सुवाच्य अक्षरात.

वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईने मला नंतर सहज म्हटलं होतं, "गुर्जी, आमाला विचारला असता तं सांगला असता, पानी कुठून येतं तं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी ठराव लिहिला नसता तर रस्ता थांबला असता का? नाही. दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता. स्वतःची ही समजूत मी अनेक वर्षं काढली. पण मोरी पन्नास पावलं इकडे झाली असती का, हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी आंदोलन लागत नव्हतं, कोर्ट लागत नव्हतं. एक सभा दिवाळीआधी घ्यायला हवी होती, इतकंच.

त्यानंतर कायदे पुष्कळ सुधारले, हेही मान्य केलं पाहिजे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग १९८५च्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांसाठी १९९६ साली पेसा कायदा झाला. विकास प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा, असं त्यात म्हटलं आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान् पिढ्या वनजमीन कसणाऱ्याला हक्क मिळायची वाट उघडली. २०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, गावात जाहीर सुनावणी आणली, खाजगी आणि भागीदारीच्या प्रकल्पांना बाधितांच्या संमतीची अट घातली.

पण मराठीचा शिक्षक असल्यामुळे मला शब्द खटकतात. "विचारविनिमय" आणि "संमती" हे समानार्थी शब्द नाहीत. विचारविनिमय करून झाल्यावर, "तुमचं म्हणणं ऐकलं, आता आम्ही आमचंच करतो" असं म्हणता येतं. शिवाय राष्ट्रीय महामार्गांचं भूसंपादन होतं ते १९५६च्या वेगळ्या कायद्याखाली. २०१३च्या कायद्याने त्याला चौथ्या परिशिष्टात ठेवलं. मोबदल्याच्या तरतुदी त्याला १ जानेवारी २०१५पासून लागू झाल्या, पण सामाजिक परिणामांचा अभ्यास लागू झाला नाही. म्हणजे महामार्गासाठी पैसे नव्या कायद्याने मोजायचे आणि विचारायचं मात्र जुन्या पद्धतीने. एकवीस दिवस.

आणि ही एकवीस दिवसांची नोटीस जाते कोणाला? ज्याचं नाव सातबारावर आहे त्याला. आमच्याकडे कसणारा एक आणि सातबारावर दुसरा, ही गोष्ट नवी नाही. आजोबाच्या नावावर जमीन, चार भावांत तोंडी वाटणी, बहिणींची नावं चढलेलीच नाहीत. कुणाचा वनहक्काचा दावा तालुक्याला पडून. या सगळ्यांच्या दृष्टीने नोटीस आली काय आणि न आली काय.

या भागातलं अलीकडचं सगळ्यात मोठं उदाहरण समृद्धी महामार्गाचं. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. शेवट आपल्याच जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे. २०१५-१६च्या सुमारास योजना अशी मांडली गेली की शेतकऱ्याने जमीन द्यायची आणि बदल्यात नव्या वसवलेल्या नगरात विकसित भूखंड घ्यायचा. जिरायतीला मूळ जमिनीच्या पंचवीस टक्के, बागायतीला तीस टक्के, शिवाय दहा वर्षं वार्षिक रक्कम. कागदावर हिशेब चोख होता. पण तो करणाऱ्याने शेतकऱ्याला आधी विचारलं नव्हतं की बाबा, तुला भूखंड हवाय का? शहापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. सिन्नरच्या शिवड्यात तर लोकांनी शेतात सरणं रचली, झाडांना फास बांधले. शेवटी २०१७ साली सरकारने थेट खरेदीचा मार्ग घेतला, पाचपटीच्या आसपास मोबदला दिला, आणि बहुतेकांनी जमिनी दिल्या.

यातून मी काय शिकलो? लोक रस्त्याच्या विरोधात नव्हते. योजना बदलल्यावर त्यांनीच खरेदीखतांवर सह्या केल्या. जे दोन वर्षं भांडून ठरलं, ते पहिल्या दोन महिन्यांत बसून ठरवता आलं नसतं का? सरकारचाही वेळ वाचला असता, शेतकऱ्याचीही झोप वाचली असती.

रस्ता टप्प्याटप्प्याने झाला. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर-शिर्डी सुरू झाला, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा. कसाऱ्याच्या डोंगराखालून सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. इंजिनीअर मंडळींना हात जोडावेत असं काम! त्याच कामात १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे शहापूर तालुक्यातल्या सरलांब्याला गर्डर बसवायचं यंत्र कोसळून वीस जण गेले. रस्त्याची लांबी सांगताना ही संख्याही सांगावी, असं मला वाटतं.

या महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. वेगाचा विचार केला तर बरोबरच आहे. पण आमच्या गावांत घरटी वाहन म्हणजे मोटारसायकल. तेव्हा ज्यांच्या शेतातून रस्ता गेला त्यांच्यासाठी त्या रस्त्याचा खरा अर्थ एवढाच उरतो की खालून पलीकडे जायला वाट कुठे ठेवली आहे. बैल कुठून जाणार, मळणीचा ट्रॅक्टर कुठून जाणार, मयत कुठून नेणार. ही माहिती नकाशावर नसते. ती विचारावीच लागते.

विचारता येतच नाही असंही नाही. शेजारच्या रायगड जिल्ह्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण भागातल्या बावीस गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं रीतसर मतदान झालं होतं. जिल्हाधिकाऱ्यांनीच ते घेतलं. पुढे ते भूसंपादन बारगळलं. आणि न विचारल्याने काय होतं त्याचं उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे. काळू धरणाचं काम वनखात्याच्या मंजुरीआधीच सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. घाई केली आणि वरातीमागून घोडं आलं.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, गावाला विचारायचं म्हणजे कोणाला? गाव एका मताचं असतं का? मुळीच नसतं. बायपासच्या बाबतीत तर नाहीच. पेठेतल्या चहावाल्याला, वडापाववाल्याला, टायरवाल्याला तो नको असतो. त्याचं गिऱ्हाईक बाहेरून निघून जातं. पेठेत राहणाऱ्या म्हाताऱ्यांना हवा असतो, रात्री ट्रकच्या आवाजाने झोप येत नाही. अडल्या बाळंतिणीला घेऊन जाणाऱ्या गाडीला तो हवाच असतो. ज्याची दोन एकरं मधोमध चिरली जाणार त्याला नको असतो, आणि ज्याची जमीन रस्त्याच्या कडेला येणार तो मनातल्या मनात पेढे वाटत असतो. म्हणूनच तर विचारायचं. सगळे एकाच मताचे असते तर सभेची गरज काय होती? पोस्टकार्ड पुरलं असतं.

आणि गावाला असं पुष्कळ ठाऊक असतं जे मोजणीच्या यंत्राला कळत नाही. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा रस्ता घ्या. आता तो राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. त्याच वाटेवर मुरबाडच्या पुढे म्हसा आहे. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, गुरांचा बाजार भरतो. गावोगावची जनावरं त्या दिवसांत याच रस्त्याने येतात. रस्ता कितीही रुंद करा, पौषात त्यावर बैल असणारच. तसंच नाशिक रस्त्याचं. शिर्डीला पायी जाणाऱ्यांच्या पालख्या शहापूर-कसाऱ्यावरून जातात. त्यांना चालायला कडेची पट्टी लागते. हे सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही, पानाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

असो. त्या रात्री झोप का लागली नाही ते आता वाचकांच्या लक्षात आलं असेल.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला बोलावलं. त्याला म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की ते सांगतायत. पण एकवीस दिवस आहेत, तेवढ्यात आपण विचारल्यासारखं करू." तालुक्याला जाऊन नकाशा मागून आणला. सगळा इंग्रजीत. "चेनेज" म्हणजे काय हे मला, बी.ए. झालेल्या माणसाला, एका तरुण ओव्हरसिअरला विचारावं लागलं. सुरुवातीपासून मोजलेलं अंतर, इतका साधा अर्थ! तो नकाशा मी शाळेच्या व्हरांड्यात खडूने फरशीवर मोठा करून काढला. ओहोळ, विहीर, स्मशान, गुरचरण, वाड्या, सगळं मराठीत लिहिलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढली. आणि लोकांना त्यावर उभं केलं. "तुझं घर कुठे? मग पाणी कुठून येतं? मुलं शाळेत कशी येतात?" बायका आधी लांब उभ्या होत्या. पाण्याचा विषय निघाल्यावर पुढे आल्या, आणि मग पुरुषांना बोलायला जागा मिळेना.

श्रावण होता, म्हणून वाडीतली माणसं घरी होती. हे निव्वळ नशीब. नोटीस माघात निघाली असती तर?

शेवटी हरकतींचे अर्ज झाले. रस्ता नको असं फक्त दोघांनी लिहिलं. बाकीच्यांनी मोऱ्या कुठे हव्यात, किती रुंद हव्यात, गुरांना पलीकडे जायला खालून वाट कुठे हवी, आणि एका ठिकाणी रेघ थोडी वर वरकस जमिनीत सरकवली तर भाताची जमीन वाचेल, एवढंच लिहिलं. त्याचं काय होईल ते साहेब लोक जाणोत. माझी फार मोठी आशा नाही, पण निराशाही नाही.

ग्रामसभाही झाली. इतिवृत्त लिहायला पुन्हा मलाच बसवलं. हात आता थरथरतो, अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कोण काय बोललं ते नावानिशी लिहिलं. वाडीतल्या बायांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. ज्यांचं पटलं नाही त्यांचंही लिहिलं. नऊ पानं झाली. ग्रामसेवक तरुण आहे, म्हणाला, "गुरुजी, एवढं कशाला? सर्वानुमते मंजूर लिहिलं की झालं."

मी त्याला म्हटलं, "ते मी एकदा लिहिलंय."